विसरले, असं मी म्हटलं

ऑब्री स्टॅनक्लिफ या देशाचे पंतप्रधान झाले ते मिस ओल्डरॉइडच्या विसरभोळेपणामुळे, असा एक विनोद पार्लमेंटात बरीच वर्षं फिरत होता. मिस ओल्डरॉइड म्हणजे मी. पस्तीस वर्षं मी स्टॅनक्लिफ साहेबांची चिटणीस होते. त्यांच्या चष्म्याचा नंबर, त्यांच्या मेहुणीचा वाढदिवस, मतदारसंघातल्या प्रत्येक क्लबाच्या अध्यक्षाच्या बायकोचं नाव, सगळं मला तोंडपाठ असे. विसरणं माझ्या स्वभावातच नाही. ज्या निरोपावरून हा विनोद निघाला तोही मी विसरले नव्हते. पण विसरले असं म्हटलं, आणि पुढची बावीस वर्षं तेच म्हणत राहिले.

पार्लमेंटात जोडी नावाचा एक रिवाज आहे. सरकारी बाजूचा एक सभासद आणि विरोधी बाजूचा एक, असे दोघं आपसात ठरवतात की तुला ज्या दिवशी घरी जावं लागेल त्या दिवशी मीही मत देणार नाही. इकडचं एक कमी, तिकडचं एक कमी, निकाल होता तिथंच राहतो. याला कायदा नाही आणि मोडला तर शिक्षाही नाही, नुसता शब्द असतो. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं हो म्हणायचं. आणि हो आल्याशिवाय पहिल्यानं इमारतीबाहेर पाऊल टाकायचं नाही. पाऊल टाकलं तर ती चूक त्याची. हे तिथल्या शिपायालासुद्धा माहीत असतं.

साहेब सरकारी बाजूचे, आणि त्यांची जोडी विरोधी बाजूच्या इडवाल प्रॉसर यांच्याशी होती. वेल्समधल्या क्वमहेली खोऱ्यातून निवडून येणारे, आधी सव्वीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढलेले. कपाळावर कोळशाचा निळा व्रण, आणि खाणीतल्या सुरुंगांनी अर्धे गेलेले कान. साहेब आणि ते एकमेकांविरुद्ध घसा सुकेपर्यंत भांडत आणि नंतर माझ्या खोलीत येऊन माझीच बिस्किटं खात.

"तुझा साहेब काय करतोय, विनी पोरी? देश विकला, की अजून भाव ठरतोय?" ते दारातून विचारत.

"भाव ठरलाय," आतून साहेब ओरडत, "पण वेल्स कुणी फुकट घेईना!"

अकरा वर्षं त्यांची जोडी टिकली, आणि एकदाही काही लिहून दिलं-घेतलं नाही. "ओल्वेनला न विचारता मी एक वेळ दुसरं लग्न करीन," इडवाल म्हणत, "पण ऑब्रीला न विचारता गाडीत बसायचा नाही." ओल्वेन म्हणजे त्यांची बायको.

तो मार्चमधला गुरुवार होता. सरकारनं एक कलम आणलं होतं. खाण सोडून सात वर्षं झालेल्या माणसाला धुळीची भरपाई मिळणार नाही, असं ते कलम. खाणीतली धूळ छातीत बसते आणि माणूस श्वासाला महाग होतो. त्या आजाराला खोऱ्यात नुसतं धूळ म्हणतात. सहा वाजता मतदान होतं. सरकारचं बहुमत तोवर पोटनिवडणुकांनी आणि आजारपणांनी पार झिजलं होतं.

सकाळी अकराला इडवाल यांचा फोन आला. खालच्या मजल्यावरून बोलत होते. ओल्वेन स्वयंपाकघरात कोसळली होती, दुपारी शस्त्रक्रिया होती.

"ऑब्रीला विचार पोरी, जोडी आहे ना? आजचा दिवस कसला आहे ते मला ठाऊक आहे. तो नाही म्हणाला तर मी थांबेन, राग धरणार नाही. हो म्हणाला तरच निघतो. मी इथंच उभा आहे."

मी आत गेले. साहेब पेपर वाचत होते. "अर्थात," ते म्हणाले. "हे काय विचारणं झालं? जा म्हणावं लगेच." मी खाली फोन केला, आणि इडवाल यांचे कान लक्षात घेऊन दोनदा मोठ्यानं सांगितलं, "साहेब हो म्हणालेत. निघा." ते निघाले.

सव्वापाचला मुख्य प्रतोद आले आणि आतलं दार लावून घेतलं. त्या खोल्यांची दारं पातळ असतात.

"एक मत कमी पडतंय, ऑब्री."

"माझी जोडी आहे. प्रॉसरशी."

"माझ्या वहीत नाही."

"आमचं वहीत कधीच नसतं."

"मग जोडी नाहीच. आणि ऐक, पुढच्या महिन्यात ऊर्जाखात्यात उपमंत्र्याची एक जागा होतेय. मी काही सुचवत नाही. नुसतं सांगतोय."

मग साहेब बाहेर आले, माझ्याकडे न बघता टाय नीट केला आणि सभागृहाकडे गेले. कलम एका मतानं मंजूर झालं. साहेब गेले नसते तर बरोबरी झाली असती, आणि बरोबरी झाली की सभापती रिवाजानं आहे ते आहे तसंच ठेवतात. म्हणजे कलम पडलं असतं.

दुसऱ्या दिवशी विरोधी बाकांनी छत डोक्यावर घेतलं. जोडी मोडणाऱ्या माणसाला तिथं चोरापेक्षा हलका मानतात. साहेब सकाळीच आले आणि माझ्या टेबलाच्या कडेवर टेकले. असे ते कधी टेकत नसत.

"विनी, तो निरोप माझ्यापर्यंत आलाच नसता तर?"

"पण आला होता, साहेब."

"कामाच्या गर्दीत राहून गेला असता, असं म्हणतोय मी. तुला कोण काय बोलणार? मुलींच्या हातून होतं असं. दोन दिवसांत लोक विसरतील."

मी एकोणतीस वर्षांची होते. मला कुणी धमकावलं नाही, नोकरी जाईल असंही कुणी म्हणालं नाही. साहेबांनी मोठं व्हावं अशी माझी इच्छा होती, आणि ते मोठे झाले की मीही त्यांच्या बरोबरीनं वर जाईन हे मला कळत होतं. एवढंच कारण होतं. दोन्ही पक्षांच्या प्रतोदांसमोर उभी राहून मी म्हटलं, "निरोप आला होता. मी द्यायला विसरले." आणि रडले. रडू खरं होतं. त्यांच्यातल्या एकानं मला स्वतःचा रुमाल दिला.

आता ऐका मी काय केलं ते. निरोप साहेबांपर्यंत पोचलाच नाही म्हटल्यावर साहेबांनी हो म्हणायचा प्रश्नच उरला नाही. मग इडवाल प्रॉसर कुणाच्या होकारावर गाडीत बसले? कुणाच्याच नाही. स्वतःच्या खाणकामगारांचा घास काढणारं कलम मतदानाला आलेलं असताना हा माणूस होकाराची वाट न बघता घरी निघून गेला, असा त्याचा अर्थ झाला. साहेब सुटले, मी एक वेंधळी मुलगी ठरले, आणि सगळा दोष त्यांच्या अंगावर गेला. हे मला नंतर सुचलं असं म्हणायची सोय मी स्वतःला देणार नाही. रुमालानं डोळे पुसतानाच मला ते कळलं होतं.

पुढच्या आठवड्यात ते मला जिन्यात भेटले.

"ओल्वेन बरी आहे," ते म्हणाले. "विचारलं नाहीस म्हणून सांगतो." आणि खाली उतरून गेले.

खोऱ्यातल्या पक्षसमितीनं त्यांना सभेत उभं करून जाब विचारला, हे मी पेपरात वाचलं. एक्केचाळीस विरुद्ध सहा मतांनी त्यांची उमेदवारी काढून घेतली. एकोणीस वर्षं खासदार असलेला माणूस पुन्हा कोळशाच्या आवारात वजनकाट्यावर बसला.

साहेब एप्रिलमध्ये उपमंत्री झाले. चार वर्षांनी मंत्री, मग अर्थमंत्री, आणि त्या गुरुवारनंतर बाराव्या वर्षी पंतप्रधान. दोन वर्षं सात महिने. वाईट पंतप्रधान नव्हते ते. कामाला वाघ होते, आणि समोरच्या माणसाला तासाभरात आपलंसं करत. पण त्यांचं मंत्रिमंडळ त्यांच्या शब्दावर कधी विसंबलं नाही. प्रत्येक जण त्यांच्याकडून सगळं लेखी मागून घेई. शेवटी एका मंगळवारी स्वतःचेच मंत्री एकेक करून आत आले आणि प्रत्येकानं सांगितलं की आता तुम्ही जावं. बाहेर पडताना पंतप्रधानाला आपल्या माणसांची नावं मानसन्मानासाठी देता येतात. त्यांनी माझं दिलं, आणि मी राजवाड्यात जाऊन ते पदक घेऊनही आले.

नंतर ते लॉर्ड झाले आणि आठवणींचं पुस्तक लिहू लागले. टाइप मीच करत असे. नवव्या प्रकरणात त्या गुरुवारचा परिच्छेद आला: माझी चिटणीस, एक गुणी पण विसराळू मुलगी, वगैरे. मी तो एका बैठकीत टाइप केला. माझी बोटं कुठं अडखळलीसुद्धा नाहीत.

मग गेल्या नोव्हेंबरात मला एक कार्ड आलं. साहेबांना नाही, मला. "बाबा गेले. शनिवारी अकराला, चॅपेलमध्ये. यायचं असलं तर या. बेथान प्रॉसर."

साहेबांना सांगितलं तर ते एकदम ताठ झाले. "जायलाच हवं. माजी पंतप्रधान जुन्या विरोधकाला निरोप द्यायला जातो, यात एक शोभा आहे." गाडीत ते ओठातल्या ओठात भाषण घोकत होते.

त्या खोऱ्यात अजून जुनी रीत आहे. चॅपेलमधली प्रार्थना झाली की डोंगरावरच्या दफनभूमीत फक्त पुरुष जातात. बायका मागं राहून चॅपेलमागच्या खोलीत चहाची तयारी करतात. साहेब काळ्या टोप्यांच्या रांगेत वर गेले. मी बायकांमध्ये राहिले. कुणी हॅम कापत होतं, कुणी कप मांडत होतं. मला कुणी काम सांगितलं नाही.

बेथान पन्नाशीची, शाळामास्तरीण, बापासारखंच रुंद कपाळ. ती पावाला लोणी लावत माझ्याशेजारी आली.

"तुम्ही आलात, बरं केलंत. एकच विचारायचं होतं. आई जाईपर्यंत म्हणायची, फोनवर त्या मुलीनं हो सांगितलं होतं. बाबा म्हणायचे, मला ऐकायला चुकलं असेल. कान गेलेले होते त्यांचे, खरं आहे. पण हो आणि काहीच नाही यातला फरक बहिऱ्यालाही कळतो की नाही?"

मी कपांच्या दांड्या एका दिशेला वळवत राहिले.

"कामगार सभागृहाच्या भिंतीवर या खोऱ्यातल्या सगळ्या खासदारांची नावं कोरलेली आहेत," ती म्हणाली. "बाबांचं नाही. एकोणीस वर्षांची जागा कोरी ठेवलीय. मी दोनदा अर्ज केला. समिती म्हणते, धुळीच्या मतदानाला पाठ फिरवून गेला त्याचं नाव नको. ट्रेफोर हॉपकिन अध्यक्ष आहेत, तेही आज आलेत. म्हणून विचारते. तुम्ही फोन केला होता का उलटा?"

उत्तर हो की नाही एवढंच होतं. माझ्यापासून तिचा चेहरा हातभर अंतरावर होता.

"इतकी वर्षं झाली," मी म्हटलं. "आता नाही हो आठवत."

"बरं," ती म्हणाली आणि पुढच्या पावाला लोणी लावू लागली. तिनं एकदाही वर पाहिलं नाही. बावन्न वर्षांची बाई, छातीवर राजवाड्यातलं पदक लावून मिरवलेली, आणि मेलेल्या माणसाच्या पोरीसमोर पुन्हा तेच केलं. या वेळी तर कुणी करायला सांगितलंही नव्हतं.

पुरुष खाली आले. ओले बूट, धापा. ट्रेफोर हॉपकिन सगळ्यात शेवटी, दर चार पावलांवर थांबत. त्यांच्याही छातीत धूळ होतीच. सगळ्यांच्या हातात कप आले, आणि साहेबांनी चमचा कपावर वाजवला. त्यांना कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. पण माजी पंतप्रधानाला थांबवणार कोण?

छान बोलले ते. इडवालची थट्टा, इडवालची गाणी, पार्लमेंटातली भांडणं. दोनचार जण हसलेसुद्धा. मग म्हणाले, "अकरा वर्षं आमची जोडी होती. लग्नं टिकत नाहीत हो एवढी! आणि मोडली कुणी? ही बघा, ही इथं उभी आहे, आमची विनी. निरोप द्यायलाच विसरली!" त्यांनी माझ्याकडे बोट केलं. लोकांनी सभ्यपणानं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं, दर वेळी पाहते तसं. साहेब तिथंच थांबले असते तर मी आजही गप्प असते, हे मला माहीत आहे. पण हशा आला नाही, आणि हशा आला नाही की साहेबांना राहवत नाही. "अर्थात इडवालही जरा घाईचेच," ते म्हणाले. "हो यायच्या आधीच गाडीत!"

"हो आलं होतं," मी म्हटलं.

आवाज बारीकच होता. पण खोली लहान होती.

"काय म्हणालीस, विनी?"

"तुम्ही हो म्हणालात. 'अर्थात' म्हणालात. मी खाली फोन केला आणि दोनदा सांगितलं. ते तिथंच उभे होते, हो येईपर्यंत हलणार नाही म्हणाले होते. मी काही विसरले नव्हते. संध्याकाळी प्रतोद तुमच्याकडे उपमंत्रिपद घेऊन आले तेव्हाही मी दाराबाहेर बसले होते."

कुणीतरी कप बशीत ठेवला. साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं. मी त्यांना संकटात कायम असंच पाहिलंय. "दमलीय ती," ते लोकांना म्हणाले. "लांबचा प्रवास, त्यात वय. आठवणींची सरमिसळ होते हल्ली तिची."

"बेथान, अर्ध्या तासापूर्वी मी तुम्हाला आठवत नाही म्हणाले," मी म्हटलं. "तेही खोटं होतं."

उत्तर आलं ते ट्रेफोरकडून. भिंतीला धरून उभे होते, श्वास गोळा करत.

"बाई, त्याची उमेदवारी काढायचा ठराव मी मांडला होता. पन्नासेक माणसांसमोर त्याला उभा केला. मी म्हटलं, इडवाल, हो आलं होतं की नव्हतं? एक शब्द सांग. तर हा म्हणाला, मला वाटलं आलं, पण ती पोरगी नाही म्हणतेय, तर माझंच ऐकायला चुकलं असेल." ते थांबले. "माझ्या सख्ख्या भावाला त्या कलमानं भरपाई नाकारली. भाऊ गेला. मी या माणसाशी बावीस वर्षं बोललो नाही. समोरच्या घरात राहत होता तो. का म्हणाला असं? का नाही भांडला?"

"मी विचारलं होतं त्यांना," बेथान म्हणाली. ती ट्रेफोरशी बोलत होती, माझ्याशी नाही. "ते म्हणाले, एका पोरीला खोटं पाडून जागा राखायची नाही मला. तिची ती येऊन सांगेल. चांगली पोर आहे."

चांगली पोर. असं ते म्हणाले होते, आणि समोरच्या घराचं बंद दार बघत बावीस वर्षं माझी वाट पाहिली होती. मी एका फोनच्या अंतरावर होते. त्यांचा नंबर मला तेव्हाही पाठ होता आणि आजही आहे. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात. मला तेही नको होतं. तिथं उभं राहून सगळ्यांनी माझ्याकडे पाहावं असंच वाटत होतं, पण आता कुणी माझ्याकडे पाहत नव्हतं.

ट्रेफोरनी टोपी घेतली.

"कुठं निघालात, ट्रेफोर? तुम्हाला चढवणार नाही पुन्हा," कुणीतरी म्हणालं.

"मगाशी मी कडेला उभा राहिलो होतो," ते म्हणाले. "माती लोटली नाही मी."

दोघांनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरलं. मग त्यांच्यामागं आणखी चार, आणि मग सगळेच पुरुष कप ठेवून निघाले. साहेब दाराशी उभे राहिले, रांगेत शिरावं की नाही असं त्यांना झालं असावं. कुणी त्यांना वाट दिली नाही, कुणी अडवलंही नाही. शेवटी ते रस्त्यावरच्या आपल्या गाडीत जाऊन बसले. काचेतून त्यांनी मला हातानं खूण केली. मी गेले नाही.

खिडकीतून डोंगराची वाट दिसत होती. ट्रेफोर पहिल्या वळणावर बराच वेळ वाकून उभे होते, मग पुन्हा चालू लागले.

आत बायकांनी कप गोळा केले. मोठ्या पितळी भांड्यातलं गरम पाणी ओतलं गेलं, दोघी धुवायला लागल्या, तिघी पुसायला. त्या आपसात वेल्श बोलत होत्या, हळू आवाजात, कामापुरतं. खुंटीवर एक कोरडं फडकं होतं. मी ते घेतलं, एक ओला कप उचलला आणि पुसू लागले. निदान एवढं तरी, असं मनात होतं.

बेथाननं माझ्या हातातून कप काढून घेतला, मग फडकंही. ओढून नाही, अगदी सावकाश.

"राहू द्या," ती म्हणाली. "हे घरच्यांचं काम असतं."